शांघायमध्ये तीन दिवस, सोबत सासूबाई. कुठला टॉवर? (लवकर सांगा)

दोन_कप_चहा:
आम्ही पुढच्या आठवड्यात शांघायला जातोय. नवरा कामात, मी आणि सासूबाई मोकळ्या. नेटवर जिथे तिथे तीच वीस ठिकाणांची यादी वाचून डोकं भणाणलंय. मला एवढंच सांगा, टॉवर कुठला करू? ओरिएंटल पर्ल, वर चौकोनी भोक असलेला तो, की सगळ्यात उंच? आणि यू गार्डनला जावं का? तिकिटं आजच काढायची आहेत. "सगळंच छान आहे" असं कृपया लिहू नका.

घाटमाथा:
व्हिसाची घाई करू नका. तिसऱ्या देशात पुढे जाणार असाल तर २४० तास बिनव्हिसा राहता येतं. माझा जर्मनीतला मित्र तसाच राहून आला.

चिंचेचं_पन्हं:
त्याचा पासपोर्ट जर्मन असेल. त्या २४० तासांच्या यादीत भारत नाही. असलं अर्धवट लिहू नका हो, लोक विमानतळावर अडकतात.

दोन_कप_चहा:
व्हिसा झालाय! टॉवरचं सांगा.

मुक्काम_पोस्ट_पुणे:
सगळ्यात उंच म्हणजे शांघाय टॉवर. ६३२ मीटर, १२८ मजले. लिफ्ट जेमतेम मिनिटभरात ११८व्या मजल्यावर नेते, कानात दडे बसतात. डोळे झाकून हाच करा. ओरिएंटल पर्ल १९९४चा, आता जुना झाला.

चिंचेचं_पन्हं:
डोळे झाकूनच करावा लागेल, ढग असले तर! आम्ही ११८व्या मजल्यावर उभे होतो आणि काचेबाहेर नुसतं पांढरं. तिकीट आधी काढूच नका, त्या दिवशी सकाळी खिडकीतून टॉवरचा शेंडा दिसला तरच काढा.

मुक्काम_पोस्ट_पुणे:
आणि ऐन वेळी तिकीट मिळालं नाही तर? दोन तास रांगेत उभं राहायचं?

चिंचेचं_पन्हं:
आधी त्यांना तारखा तर विचारा. @दोन_कप_चहा, कधी जाताय? हॉटेल कुठे आहे? सासूबाईंचं वय, चालणं, खाणं?

दोन_कप_चहा:
२ ते ४ ऑक्टोबर. हॉटेल कंपनीने दिलंय, आनतिंग नावाच्या भागात. सासूबाई ७१, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, पण सपाटीवर बऱ्यापैकी चालतात. कांदा-लसूण खात नाहीत. यातलं काही टॉवरला आड येतं का?

चिंचेचं_पन्हं:
सगळंच येतं गं! १ ऑक्टोबर हा त्यांचा राष्ट्रीय दिन, त्या आठवड्यात अख्खा चीन फिरायला निघतो. नदीकाठचा बंड आहे ना, तिथे संध्याकाळी पोलीस हाताला हात लावून भिंत करतात आणि माणसांचे लोंढे टप्प्याटप्प्याने सोडतात. नानजिंग ईस्ट रोड स्टेशनवर गर्दीच्या वेळी मेट्रो न थांबता पुढे जाते. २०१४च्या ३१ डिसेंबरला त्याच काठावर चेंगराचेंगरीत ३६ माणसं गेली, तेव्हापासून ते फार जपतात. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईंना संध्याकाळी तिथे नेऊच नकोस.

घाटमाथा:
सुट्टीत काम कसलं? तारखा एकदा तपासून घ्या.

दोन_कप_चहा:
कारखाना बंद असतो तेव्हाच मशीन बसवतात. तारखा बरोबर आहेत.

मोरपीस_११:
आनतिंग मेट्रोच्या ११ नंबर लाईनवर आहे आणि डिस्नेलँड त्याच लाईनच्या दुसऱ्या टोकाला! एक पूर्ण दिवस तिकडे द्या. २०१६ साली सुरू झालंय, आमच्या मुलांना परत यायचंच नव्हतं.

चिंचेचं_पन्हं:
राष्ट्रीय सुट्टीत ७१ वर्षांच्या बाईंना डिस्नेच्या रांगेत? मुलं कुठे आहेत त्यांच्यासोबत?

सोलापुरी_चादर:
चीनला जाताच आहात तर डॉ. कोटणीसांच्या स्मारकाला जाऊन या. आमच्या सोलापूरचा माणूस, १९३८ साली वैद्यकीय पथकातून गेला, १९४२ साली तिथेच वारला. शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे, लोक आजही फुलं वाहतात.

मुक्काम_पोस्ट_पुणे:
आदर आहेच, पण ते बीजिंगच्या बाजूला. शांघायहून जाण्यायेण्यात दिवस जाईल. त्यापेक्षा बंडवर हिरव्या निमुळत्या छपराचं पीस हॉटेल बघा. १९२९ साली व्हिक्टर ससूनने बांधलं. आपल्या पुण्याच्या ससून हॉस्पिटलला देणगी देणाऱ्या डेव्हिड ससूनचा तो पणतू.

सोलापुरी_चादर:
त्या घराण्याचा पैसा अफूचा होता, हेही लिहा. आपल्याकडची अफू मुंबईहून तिकडे जायची आणि तिथली घरंच्या घरं बसली. दोन्ही गोष्टी एका दमात सांगायला हव्यात.

मुक्काम_पोस्ट_पुणे:
मान्य. पण इमारत बघण्यासारखी आहेच.

दोन_कप_चहा:
मंडळी, धागा भरकटतोय. माझंही चुकलं, खरं कारण आधीच लिहायला हवं होतं. सासऱ्यांच्या वर्कशॉपला कुणीतरी एक कॅलेंडर दिलं होतं. त्यावर नदी, कठडा आणि पलीकडे गोल मण्यांचा टॉवर. वर्ष सरलं तरी सासूबाईंनी ते पान स्वयंपाकघरातून काढलं नाही, फोडणीच्या तेलाने खालचा कोपरा पिवळा पडलाय. सासरे गेल्या वर्षी गेले. सासूबाईंना "तो मण्यांचा", म्हणजे ओरिएंटल पर्ल, बघायचाय. म्हणून टॉवर विचारतेय.

चिंचेचं_पन्हं:
अगं, मग त्यावर चढून तो दिसणारच नाही! तो फोटो बंडवरून, नदीच्या अलीकडून काढलेला. तिकीटच लागत नाही. एक रात्र आनतिंग सोडून बंडजवळच्या हॉटेलात राहा. त्या आठवड्यात महाग पडेल, पण पडू दे. पहाटे सहाला खाली उतरा. तेव्हा तिथे ताई-ची करणारे म्हातारे आणि पतंगवाले एवढेच असतात. काठ रस्त्यापेक्षा उंच आहे, पायऱ्या सोडून उताराने चढवा. सूर्य टॉवरच्या मागून येतो, त्यामुळे फोटो काळसर येईल. पण डोळ्यांना दिसतो.

मुक्काम_पोस्ट_पुणे:
याला माझंही अनुमोदन. शांघाय टॉवर राहिला तरी चालेल. पलीकडे जायचं तर साधी फेरी आहे, दोन युआनची, दोंगचांग रोडच्या धक्क्याला लागते. होडीतूनही मणी दिसतात.

कोरडी_भाकरी:
खाण्याचं कुणीच सांगितलं नाही. तिथल्या बौद्ध शाकाहारात कांदा-लसूण मुळातच वर्ज्य असतो. जेड बुद्ध मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात, नानजिंग वेस्ट रोडवर गोंगदलिन हे १९२२ सालचं शाकाहारी हॉटेल आहे. मशरूम भरपूर असतात, चालतात का ते आधीच विचारून ठेवा. मंदिरातला बुद्ध पांढऱ्या जेडचा, ब्रह्मदेशातून आणलेला.
यू गार्डन करा, पण उघडताच. १५५९ साली एका अधिकाऱ्याने म्हाताऱ्या आईवडिलांना निवांत बसता यावं म्हणून ते बांधायला घेतलं. तिथे एक भोकाभोकांचा दगड आहे. खाली उदबत्ती लावली तर प्रत्येक भोकातून धूर निघतो म्हणतात. उंबरठे उंच आहेत, हात धरा.

घाटमाथा:
पैशांचं बघितलंत का? आपलं फोनपे तिथे नेहमीसारखं चालेल असं धरून जाऊ नका. अलीपे या तिथल्या पेमेंट ॲपला व्हिसा किंवा मास्टरकार्ड इथूनच जोडा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, रोमिंग चालू ठेवा. रोमिंगवर व्हॉट्सॲपही चालतं, हॉटेलच्या वायफायवर नाही.

दोन_कप_चहा:
हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, कार्ड आत्ता जोडते. ३ तारखेच्या पहाटेचं ठरलं, नवऱ्याला हॉटेल बघायला सांगितलंय. सासूबाईंना मशरूम विचारले, "अळंबी चालते" म्हणाल्या. कॅलेंडरचं पान उतरवून सुरळी करून ठेवलंय त्यांनी, सोबत न्यायचंय. @चिंचेचं_पन्हं, फोटोत टॉवर किंचित डावीकडे आहे. म्हणजे पीस हॉटेलसमोर उभं राहायचं, की अजून पुढे?