मदत हवी आहे : जमिनीत सापडलेलं १९१७ चं सॉव्हरिन खरं लंडनचं आहे का?

चाळणी
मंडळी, मला मेटल डिटेक्टर (जमिनीतला धातू शोधणारं यंत्र) फिरवायचा छंद आहे, पण नाण्यांतलं फारसं कळत नाही. नांगरून पडलेल्या एका शेतात वीतभर खोलीवर सोन्याचं नाणं मिळालं. (मालकाची लेखी परवानगी होती. सापडल्याचं त्यांना आणि जिथे रीतसर कळवायचं तिथेही कळवलं आहे, तेव्हा कायद्याची चर्चा कृपया इथे नको.) एका बाजूला पंचम जॉर्जचा डावीकडे बघणारा चेहरा, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा सेंट जॉर्ज आणि ड्रॅगन, खाली १९१७. म्हणजे ब्रिटनचं सोन्याचं नाणं सॉव्हरिन. आपल्याकडे जिला गिनी म्हणतात, तेच हे.

आता मुद्दा. त्या वर्षी सॉव्हरिन लंडनबरोबर सिडनी, मेलबर्न, पर्थ आणि ओटावालाही पाडली जात होती. बाहेरच्या टांकसाळींच्या नाण्यांवर त्यांच्या खुणेचं अक्षर असतं, लंडनच्या नाण्यावर नसतं आणि १९१७ चं लंडनचं नाणं दुर्मीळ आहे, इतकं वाचून कळलं. माझ्या नाण्यावर अक्षर दिसत नाही. एका सराफाने मशीनवर ठेवून ९१.६ टक्के सोनं सांगितलं. पण ओळखीच्या एका संग्राहकाने नुसतं बघून 'लेबनॉनचं असेल' म्हणून हातात परत दिलं. सोनं बरोबर असताना नाणं खोटं कसं? आणि घरी काय काय तपासता येईल?

कल्हई
अभिनंदन! डिटेक्टरने आकडा (कोणता धातू असावा याचा अंदाज देणारा) किती दाखवला? माझ्याकडे सोन्याच्या आकड्यावर कायम कॅनच्या झाकणाची कडी निघते.

चाळणी
मलाही कडीच वाटली होती. आळस केला असता तर खणलंच नसतं.

नाणेफेक
सराफाने सांगितलं ते बरोबरच असेल, पण त्याने उत्तर दिलंय वेगळ्याच प्रश्नाचं. मशीन सोन्याचा कस सांगतं, तोही वरच्या पातळ थरापुरता. ठसा कोणी मारला हे त्याला कळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच ठिकाणी सॉव्हरिनला तिच्यातल्या सोन्यापेक्षा जास्त भाव मिळायचा. त्यामुळे लेबनॉनमधलं बैरूत, इटलीतलं मिलान अशा ठिकाणी खऱ्या सोन्याची खोटी नाणी पाडली गेली. नफा सोन्यात चोरी करून नव्हता, सोन्याच्या वरच्या भावात होता. मग कस कमी करून पकडले कशाला जातील? १९५७ मध्ये ब्रिटनच्या टांकसाळीने सॉव्हरिन पुन्हा पाडायला घेतली, त्यामागे या बनावट मालाला आळा घालणं हेही एक कारण होतं. तुमच्या संग्राहकाला 'लेबनॉनचं' म्हणजे हेच म्हणायचं असणार.

जमिनीतून निघालं हाही पुरावा नाही. खोटी नाणीही लोकांच्या खिशातून पडतात. पेंडंटमध्ये घातलेली तर जास्तच, म्हणून कडेला डाख दिल्याची खूण आहे का ते बघा.

१९१७ बद्दल म्हणाल तर आकड्याने फसायला होतं. लंडनला त्या वर्षी दहा लाखांवर सॉव्हरिन पाडली गेली. पण पहिल्या महायुद्धाच्या देण्यांसाठी सोनं अमेरिकेकडे जात होतं, त्यात त्यातली बहुतेक वितळली असं मानतात. म्हणूनच ते दुर्मीळ, आणि म्हणूनच त्याची बनावट जास्त. दोन रस्ते आहेत: अख्खं नाणंच खोटं पाडायचं, किंवा खरं सिडनीचं-पर्थचं स्वस्त नाणं घेऊन त्यावरचं अक्षर खरवडून टाकायचं.

ते अक्षर कुठे असतं ते नीट समजून घ्या. सालाच्या आकड्यांच्या वर, घोड्याच्या मागच्या पायांखाली जमिनीची जी रेघ आहे, तिच्यावर साधारण मधोमध. दहापट भिंग घ्या आणि दिवा डोक्यावरून न धरता अगदी आडवा, नाण्याच्या पातळीत धरा. नाणं हळूहळू फिरवा. खऱ्या लंडनच्या नाण्यात रेघ त्या जागी इतर ठिकाणासारखीच असते. खरवडलेल्यात तिथे बारीक खळगा, एकाच दिशेचे ओरखडे किंवा वेगळीच चमक दिसते.

अख्खं खोटं असेल तर खाणाखुणा सगळीकडे विखुरलेल्या असतात. सालाच्या ओळीत उजव्या टोकाला बी आणि पी ही बारीक अक्षरं हवीत (ही बाजू कोरणारा पिस्त्रुची), राजाच्या मानेच्या कापावर बी आणि एम (राजाचा चेहरा घडवणारा शिल्पकार मॅकेनल). ती साबण विरघळल्यासारखी गुळगुळीत असतील तर शंका घ्या. सपाट जागेत उठलेल्या गाठी, कडेच्या दातऱ्यांचं कमीजास्त अंतर, दाढीमिशीत केसांऐवजी नुसता फुगीर गोळा, हेही बघा. आणि नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटलं तर मागची बाजू सरळच दिसायला हवी, उलटी नाही.

अर्धा तोळा
सराफी घरातला आहे म्हणून सांगतो, पुन्हा कोणाकडे नेलंत तर कसोटीच्या दगडावर अजिबात घासू देऊ नका. सोनाराला कस दिसतो, तुमच्या नाण्याला कायमची जखम होते. पॉलिश, टूथपेस्ट, ब्रश काही नको. माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटेल तेवढीच सुटू द्या.

वजन कोणी विचारलंच नाही?

चाळणी
वजन ७.९६ ग्रॅम. व्यास कॅलिपरने २२ मिमीच्या किंचित वर. डाख नाही. पाण्यात दोऱ्याने टांगून घनताही काढली, १७.३ आली. बावीस कॅरेटला १७.६ च्या आसपास हवी ना? म्हणजे गडबड आहे का?

अर्धा तोळा
काटा दोन दशांशांचा आहे ना? मग गडबड काट्याची. पाण्यात टांगल्यावर वजनात फरक ०.४६ ग्रॅमचा आला असेल (वजन भागिले हा फरक म्हणजे घनता). तोच ०.४५ आला असता तर घनता १७.७ निघाली असती. शेवटचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की एवढा फरक पडतो. तीन दशांशांचा काटा मिळाला तर पुन्हा करा, आणि नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी झटका. अठरा कॅरेट असतं तर फरक ०.५१ च्या घरात गेला असता, ते तर नाहीच. मुलामा दिलेलं पितळ या मापाचं असेल तर चार ग्रॅमसुद्धा भरत नाही.

नाणेफेक
वजन चांगलं आहे. नवं नाणं ७.९८८ ग्रॅमचं, झिजून ७.९३८ पर्यंत उतरलं तरी कायद्याने चलनात चालायचं. पण वर म्हटलं तसं, वजन आणि घनता पास होऊनही खोटं असू शकतं. भिंगाखाली काय दिसलं?

चाळणी
बी-पी आणि बी-एम दोन्ही स्वच्छ आहेत. मिशी छान कोरलेली आहे. उलटल्यावर बाजू सरळ. पण जमिनीच्या रेघेवर, तुम्ही म्हणता त्याच जागी, आडव्या उजेडात एक बारीक दबलेली जागा दिसते आणि तिथली चमक मंद आहे. माझ्या डोळ्यांना दिसावं असं वाटतंय म्हणून दिसतंय की काय, कळत नाही.

कल्हई
फोटो टाका हो.

नाणेफेक
फोटो टाकाच. नाणं हलवू नका, दिवा चार बाजूंना फिरवून त्या जागेचे चार फोटो काढा. खरी खोच असेल तर तिची सावली दिव्याच्याच बाजूच्या काठाला पडेल आणि दिव्याबरोबर सरकत जाईल. डाग असेल तर जागचा हलणार नाही.

बाकी सगळं ठीक आणि नेमकी तीच जागा दबलेली, हे ऐकून माझा कल अक्षर काढलेल्या खऱ्या नाण्याकडे आहे. तसं असेल तर दुर्मीळपणाचा भाव गेला, सोन्याचा राहिला. तरी शब्दांवरून निकाल देणार नाही. जमिनीतल्या खड्याचा किंवा नांगराचा ओरखडाही तिथेच बसू शकतो, पण मग तो रेघेच्या बाहेर दोन्हीकडे थोडा पुढे गेलेला दिसेल. फोटोत ते आवर्जून बघा.

चाळणी
उद्या काढतो. समजा प्रकरण लंडनचं निघालंच, तर पुढे कोणाला दाखवू?

नाणेफेक
विकत घेणाऱ्याला आधी नको. एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या अमेरिकन कंपन्यांकडे पाठवा. ते तपासून सीलबंद डबीत घालून देतात. खाडाखोड आढळली तर तसं स्पष्ट नोंदवतात. १९१७ ला ग्राहक त्याशिवाय लंडनचा भाव देणार नाही. पाठवताना खणताना काढलेले फोटो आणि जागेची नोंद मात्र स्वतःकडे ठेवा.

अर्धा तोळा
आणि तोवर मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्याचा हिरवा चिकट थर नाण्यावर बसतो. मायलरचं (पॉलिएस्टरच्या पारदर्शक फिल्मचं) पाकीट घ्या, धरताना कडेनेच धरा.