उ: जेरेमी ब्रेटच्या होम्सचे भाग, क्रमवारी

जेरेमी ब्रेटने शेरलॉक होम्स साकारलेल्या टीव्ही मालिकेच्या भागांची क्रमवारी लावताना तुम्ही म्हणालात, 'शेवटचे भाग पडले कारण ब्रेट आजारी होता'; हे अर्धंच खरं आहे. 'द एलिजिबल बॅचलर' (१९९३) तळाला टाकलात ते योग्यच, पण तिथे मूळ दुखणं लांबीचं आहे. ग्रॅनडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीने १९८४ ते १९९४ मध्ये ४१ भाग केले: ३६ तासाभराच्या स्लॉटचे, ५ दोन तासांचे. त्या पाचांपैकी 'साइन ऑफ फोर' आणि 'हाउंड' कादंबऱ्यांवरचे, उरलेले तीन लघुकथांवरचे. वीसेक पानांची कथा दुप्पट वेळात ताणायची म्हणजे पाणी घालणं आलंच; 'बॅचलर'मध्ये होम्सला भयस्वप्नं पडतात ती याच भरतीसाठी. 'मास्टर ब्लॅकमेलर' त्यातल्या त्यात तरतो, कारण मिल्व्हर्टन या ब्लॅकमेलरने छळलेल्या माणसांना मूळ कथेत फारशी जागा नव्हती, ती इथे मिळाली. म्हणून हे पाच वेगळे काढून क्रम लावा, नाहीतर तुलना फसते.

आजारपणाचा खरा फटका 'मॅझरिन स्टोन'ला बसला. ब्रेट कोसळल्यावर होम्सचं काम त्याच्या भावाकडे, चार्ल्स ग्रेने साकारलेल्या मायक्रॉफ्टकडे गेलं, शिवाय 'थ्री गॅरिडेब्ज'ची कथाही त्यातच कोंबली. उलट 'डेव्हिल्स फूट' (१९८८) तुमच्या यादीत अकरावा? कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर होम्स कोकेनची सिरिंज वाळूत पुरतो, तो प्रसंग मूळ कथेत नाही. त्यासाठी मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या मुलीची संमती घेतली होती. एक शब्द न बोलता व्यसन संपतं. माझ्या मते पहिल्या तिनात.