वॉशिंग मशीनमधलं पाणी बाहेर जाईना: तुमचे अनुभव सांगा

मंगळवारपेठेची लेक
नवरात्राची धुणी सुरू झालीत. आमच्या गल्लीत सकाळपासून सगळ्या गच्च्यांवर चादरी, सोलापुरी, पडदे. आज शेजारच्या काकूंच्या घरातून तो आवाज आला, घुर्रर्र करून थांबायचं, परत घुर्रर्र. ऐकल्याबरोबर मी पोळ्या अर्ध्यावर टाकून पळत गेले. पाणी अडकलं होतं. काकू एकट्याच, दार उघडेना म्हणून रडकुंडीला आलेल्या.

माहेरी पहिलं फ्रंट लोड मशीन आलं तेव्हाही असंच झालेलं. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला. ते म्हणाले, कुणाला बोलवायचं ते नंतर, आधी बघू तरी काय झालंय. आधी पिन काढली सॉकेटमधून. मग जमिनीवर बसले, खालच्या कोपऱ्यातलं छोटं झाकण उघडलं आणि आईला म्हणाले, पिठाची परात आण. आईनं दिली बिचारीनं! सगळं पाणी परातीपरातीनं मोरीत गेलं. मग फिल्टर बाहेर आला. त्यात एक रुपयाचं नाणं, केसाच्या पिना, शर्टाची बटणं, आणि आईचं जोडवं. किती दिवस ती ते घरभर शोधत होती, पलंगाखाली, अंबाबाईच्या देवळात काढलं का, सगळीकडं. वडिलांनी ते पुसून तिच्या हातावर ठेवलं.

आज काकूंचं तसंच काढून दिलं. आत निघाली विक्सची डबी, बारकी वाली. काकांच्या खिशातली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बऱ्याच फ्रंट लोडला त्या झाकणामागं बोटाएवढी रबरी नळी असते. तिचं बूच काढायचं, पाणी हळूहळू येतं. नळी नसली तर फिल्टरची मूठ थोडीशीच सैल करायची, परात भरली की आवळायची, ओतून यायचं, परत सैल. गरम पाण्यावर लावलं असेल तर आधी निवू द्या, भाजतं. खाली जुनी चादर टाका.

सणाच्या तोंडावर निम्म्या कोल्हापुरात हेच होणार आहे. तुमचे अनुभव लिहा, म्हणजे एखाद्या काकूचं रडणं वाचेल.

तालमीचा गडी
ताई बरोबर वेळेला धागा. आमच्या दोन्ही पोरांना फुटबॉलचा नाद. शाहू स्टेडियमवरनं आले की जर्सी, मोजे सगळं चिखलानं भरलेलं आणि तसंच मशीनमध्ये. शेवटी पंपच गच्च. फिल्टर काढला तर आत वाळू, आणि बुटाची नाडी पंपाच्या पंख्याला गुंडाळलेली. चिमट्यानं उलटी फिरवत काढली.
एक गोष्ट लिहून ठेवा. फिल्टर काढल्यावर आत बॅटरी मारून बघा, छोटा पंखा दिसतो. काडीनं फिरवला की सरळ फिरत नाही, झटके देत देत फिरतो. आत लोहचुंबक असतं म्हणून. मला वाटलं मोडला. नाही. तो तसाच फिरतो. अजिबात हलला नाही तरच काळजी.
आता नियम केलाय, चिखलाचे कपडे आधी बादलीत दोनदा पिळून काढायचे, मग मशीन.

गंगावेशकर
आमचं सेमी ऑटोमॅटिक. त्यात असला फिल्टर वगैरे काय नसतंय. ड्रेनचा नॉब फिरवलो तरी पाणी तसंच. नवऱ्याला सांगितलं तर म्हणतोय नवीन घेऊया. नवीन कशाला? मी मागचं झाकण काढलो, आत नॉबला बांधलेली एक पट्टी असते, ती ड्रेनचं रबर वर ओढते. ती निसटलेली. परत अडकवली, झालं. रबराखाली धाग्यांचा गोळा पण होता, तो काढला.
आणि सेमीवाल्यांनी नळी खाली जमिनीवर सोडायची हो. त्याला पंप नसतो, पाणी उताराच्या जोरावर जातं. नळी वर आकड्याला अडकवलेली राहिली की पाणी कुठनं जाणार.

आंबेवाडीची सून
गंगावेशकर, तुम्ही दूध कट्ट्याच्या जवळच का? अजून संध्याकाळी म्हैस समोर पिळून देतात का तिथं? लग्नाआधी रोज जायचो आम्ही.

गंगावेशकर
देतात की! या एकदा, धारोष्ण पाजते.

फिटर काका
या कामात बरीच वर्षं आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो. घरात आणखी कुणी वाचत असेल तर त्यांनाही दाखवा.

पाणी निघालं नाही की मशीन पिळत नाही, दारही सोडत नाही. मशीनला आतली पातळी कळते, पाणी आहे तोवर ते जोरात फिरणार नाही. म्हणून लोक सांगतात "पिळायचं बंद झालं", आणि मूळ कारण असतं पाण्याचं. पडद्यावर खूण येते. एलजीला ओई, सॅमसंगला ५सी किंवा ५ई, बॉशच्या बऱ्याच मशीनला ई१८. या सगळ्यांचा अर्थ एकच, पाणी जात नाही.

आता कान लावा. निचऱ्याच्या वेळी पंपाचा आवाज येतोय पण पाणी येत नाही, म्हणजे वाट बंद आहे. फिल्टर, नळी, मोरीचं तोंड, या क्रमानं बघा. आवाजच नाही, म्हणजे पंप जळाला, त्याची वायर सुटली किंवा पुढं बोर्डात काही आहे. तिथं मात्र माणूस बोलवा, स्वतः उघडू नका, वीज आहे.

टॉप लोड फुल्ली ऑटोमॅटिकची गोष्ट वेगळी. बऱ्याच मॉडेलमध्ये पंप नसतो, एक छोटी मोटर झडप ओढून उघडते. निचरा सुरू होताना टक असा आवाज आला पाहिजे. तिथंही नळी खालीच असायला हवी. पुष्कळदा घरी जातो, मशीनला काही झालेलं नसतं, फरशी धुताना कुणीतरी नळी उचलून भिंतीच्या कट्ट्यावर ठेवलेली असते. फ्रंट लोडची नळी मात्र वर असावी लागते, साधारण ६० ते १०० सेंमी, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. खाली पडली तर भरता भरताच पाणी निघून जातं आणि मशीन भरतच राहतं.

आणखी एक, फेस. हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडमध्ये टाकली की फेस इतका होतो की पंपाला पाणी ओढता येत नाही. फ्रंट लोडचीच पावडर घ्या, आणि चमचा कमीच ठेवा.

तालमीचा गडी
काका एक नंबर 🙏 हे छापून मशीनच्या वर चिकटवतो.

रुईकर कॉलनी
माझं आत्ता, या क्षणी अडकलंय!! आत बाळाची दुपटी आहेत, दार उघडेना. आवाज येतोय. नवरा ऑफिसला. खालचं झाकण कसं उघडायचं, मला खाचच दिसेना.

मंगळवारपेठेची लेक
अगं घाबरू नकोस. बंद कर, पिन काढ. झाकणाच्या कडेला नाणं घालून ढकल, टक करून निघतं. बाळ कुठाय? त्याला पाळण्यात ठेव आधी, पाण्यात रांगत येईल.

रुईकर कॉलनी
बाळ सासूबाईंकडं. निघालं झाकण. नळी आहे, पांढरी. परात घेते.

जोतिबाची वारी
चैत्र यात्रेनंतर दर वर्षी आमच्या घरी हा कार्यक्रम ठरलेला. गुलाल तर असतोच, पण खोबरं! पालखीवर उधळलेलं खोबरं कुणाच्या खिशात, कुणाच्या फेट्यात, कुणाच्या शर्टाच्या घडीत. चार तास भिजलं की फुगतं आणि नेमकं जाऊन पंपात बसतं. एकदा तर मिस्त्रींनी तुकडा काढून हातात दिला आणि म्हणाले, प्रसाद आहे, मी टाकणार नाही. मग आम्ही तो तुळशीत ठेवला.
गुलालाचे कपडे आधी अंगणात नुसते झटकतो, मग साध्या पाण्यातनं काढतो. फिल्टर त्या आठवड्यात दोनदा साफ. गुलाबी चिखल निघतो. चांगभलं!

आंबेवाडीची सून
चांगभलं 🌺

शाहूपुरीतून
पुराचा अनुभव कुणी लिहिला नाही अजून म्हणून लिहितो. २०१९ ला आमच्या तळमजल्यात पाणी आलं, तेव्हा मशीन आधीच वरच्या मजल्यावर नेलेलं. नंतर एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं नाही, पण पंचगंगा धोका पातळीच्या वर, म्हणजे ४३ फुटांच्या वर गेली आणि जयंती नाल्याचं पाणी मागं फुगलं. त्या दिवसांत मशीनचं पाणी जाईना. फिल्टर साफ, नळी साफ, पंप चालू. डोकं फिरलं सगळ्यांचं.
मग वडिलांनी नळी मोरीतनं काढून बादलीत सोडली आणि निचरा लावला. भळाभळा आलं. म्हणजे मशीन ठीक, बाहेरचं चेंबर भरलेलं. मोरीतनं उलट पाणी वर यायच्या बेतात होतं. कपडे बाजूला ठेवले, जाळीवर वाळूची पिशवी ठेवली आणि भांडी गच्चीवर न्यायला सुरुवात केली.
तेव्हापासून पावसाळ्यात मशीनचं पाणी नेहमीपेक्षा हळू जायला लागलं की आम्ही राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघतो. ३९ फुटांना इशारा असतो, आम्ही त्याच्या आधीच सामान उचलायला घेतो.
ज्यांचं मशीन पुरात बुडालं असेल त्यांनी वाळलेलं दिसलं तरी पिन लावू नका. आधी दाखवून घ्या. शेजारच्यांना शॉक बसता बसता राहिला होता.

फिटर काका
बादलीची युक्ती फार महत्त्वाची सांगितली यांनी. मी मुद्दाम लिहायला विसरलो होतो. मशीन का मोरी, हे त्यातच कळतं.

बाव्ड्याचा
आमच्याकडं उलटंच, पाणी भरतच नाही 😄

फिटर काका
नळाकडून येणाऱ्या नळीच्या टोकाला, मशीनमध्ये शिरते तिथं, बारीक जाळी असते. नळ बंद करून नळी काढा, जाळी पकडीनं ओढा, ब्रशनं घासा. बोअरचं पाणी असेल तर पांढरा थर असणार.

बाव्ड्याचा
बोअरचंच आहे. बघतो. धन्यवाद काका.

वाकळवाली
मला कुणी सांगा, वाकळ, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, मशीनमध्ये धुता का? आमच्या सासूबाईंची नऊवारीची वाकळ आहे, पाच थराची. पूर्वी आम्ही सगळ्या जावा नवरात्राआधी पंचगंगेवर जायचो. घाटाच्या पायऱ्यांवर आपटून, दोघी दोन टोकांनी धरून पिळायची. भाकरी बांधून न्यायचो, झुणका, खर्डा. दिवस जायचा पण मजा होती. आता गुडघे नाहीत तसले.

आंबेवाडीची सून
अक्का, किती आठवण करून दिलीत. माझ्या आईची वाकळ तिच्याच लुगड्याची, कडेला हिरवं काठ लावलेलं. माहेरी गेले की अजून तीच घेते. कोण शिवून देतं का हो आता कोल्हापुरात?

वाकळवाली
शिवतात अजून, खेडेगावात बायका आहेत. जुन्या साड्या आपण द्यायच्या.

गंगावेशकर
अक्का, मोठी वाकळ घरच्या मशीनमध्ये नका घालू. ती पाणी धरून एका बाजूला गोळा होते, मशीन पिळायला जातं, हिंदकळतं, थांबतं, परत पाणी घेतं. पाणी अडकलंय असं वाटतं पण अडकलेलं नसतं, वजन एकीकडं झालेलं असतं. आणि जुन्या वाकळेचे दोरे सुटतात ते सगळे पंपात. माझ्या बहिणीचं असंच झालं. गच्चीवर टबात पायानं तुडवा, नातवंडांना उतरवा आत. आमची पोरं त्यासाठी भांडतात.

मंगळवारपेठेची लेक
अक्का, मी येते शनिवारी. तुम्ही नुसतं सांगा, पिळायला मी आणि काकू आहोत. खर्डा मात्र तुमच्या हातचा.

वाकळवाली
ये गं बाई. मिरच्या आणून ठेवते.

रुईकर कॉलनी
झालं!!! खूप पाणी निघालं, परात किती वेळा ओतली मोजलंच नाही. सासूबाई आल्या मदतीला. फिल्टरमध्ये बाळाचा मोजा, इवलासा, आणि दुपट्याची फाटलेली नाडी. मोजा ड्रमच्या आणि रबराच्या फटीतनं गेला असणार. परत लावलं तर कोपऱ्यातनं थेंब थेंब येतंय. काय करू?

फिटर काका
फिल्टर तिरका बसलाय. पिन काढलेलीच असू द्या. परत पूर्ण बाहेर घ्या, त्याच्या गोल रबरावर धागा किंवा साबणाची खपली असेल ती पुसा, आट्यावर सरळ धरून हातानं आवळा. पकड लावू नका, आटे जातात. मग कपडे न घालता नुसता निचरा आणि पिळणं लावून बघा. आणि यापुढं बाळाचे मोजे, रुमाल सगळं जाळीच्या पिशवीत घालून टाका.

रुईकर कॉलनी
थेंब थांबला काका. रिकामं लावलंय, पाणी व्यवस्थित चाललंय. सासूबाई म्हणतात काकांना घरी जेवायला बोलाव. खरंच खूप आभार सगळ्यांचे.

शाहूपुरीतून
छान. मोजा वाळवून ठेवा, जोडी लागेल.

जोतिबाची वारी
काका, पंखा झटके देत पण फिरत नाही, एका जागी थरथरतो, असं असलं तर? आमचा मेव्हणा विचारतोय, उचगावला असतो.

फिटर काका
मागं काही अडकलंय का ते पहिलं बघा. मोकळा असूनही थरथरत असेल तर पंप बदलायला झालाय. मशीनच्या मागं मॉडेल नंबर असतो, त्याचा फोटो काढून दुकानात न्यायला सांगा, नाहीतर चुकीचा पंप देतात.