स्कॅनमध्ये मेंदू पेटतो म्हणे, आणि शुक्राणू आटतात!

पंतोजी पेठेतले:
एक पोस्ट सगळीकडे फिरतेय. म्हणे, पडद्यावर ‘तसलं’ चित्र दिसलं की पुरुषाचाच मेंदू पेटतो, बाईचा ढिम्म राहतो, ‘स्कॅनमध्ये सिद्ध’. मोबाइलमुळे हे पेटणं दिवसभर चालतं, म्हणून पन्नास वर्षांत शुक्राणू निम्म्यावर. खाली ब्रह्मचर्याचा उपदेश आणि कुठल्याशा चूर्णाची जाहिरात. मेव्हण्याने आज पुन्हा पाठवली, तेव्हा राहवेना.

२०१९ साली ६१ स्कॅन-अभ्यास, १,८५० माणसं एकत्र घेऊन तपासली गेली. लैंगिक चित्रं बघताना स्त्री-पुरुषांच्या मेंदूत फरक निघाला नाही. आणि स्कॅनमधला लाल ठिपका म्हणजे पेटलेला मेंदू नव्हेच. यंत्र रक्तातल्या प्राणवायूचा चढउतार टिपतं. हजारो ठिपके एकदम तपासले की काही योगायोगानेच लाल होतात. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी २००९ मध्ये मेलेला सामन मासा यंत्रात ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले. आकडेमोडीत योग्य दुरुस्ती केली नाही, तर माशाच्या मेंदूतही हालचाल दिसली! २०१२ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यांना. शुक्राणू घटले असतील, पण त्याचं खापर डोळ्यांवर कशाला?

रोखठोक राजा:
मासा छान. आता जिवंत माणसांचं बोला. जगभरच्या शुक्राणू-अभ्यासांचं २०२२ चं संकलन बघा: १९७३ ते २०१८, वीर्याच्या दर मिलिलिटरला शुक्राणू सुमारे १० कोटींवरून ४ कोटी ९० लाख. घट ५१.६ टक्के, आणि आशिया-आफ्रिकाही त्यात धरलेत. चूर्णवाला लबाड म्हणून आजारही खोटा का?

लॅबवाला नाना:
आयुष्य सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून गेलं म्हणून सांगतो. काचेवर आखलेल्या चौकटींतले शुक्राणू मोजायचे. एकच नमुना दोघांनी मोजला तर आकडे जुळतील याची खात्री नाही. नमुना तासाभरात पोचायला हवा. एक गृहस्थ खोकल्याच्या औषधाची बाटली साबणाने धुऊन त्यात घेऊन आले, तेही बस बदलून! त्यातले शुक्राणू मेले त्यात त्यांचा काय दोष? साधा तापसुद्धा आकडा पाडतो, आणि नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे. ४ कोटी ९० लाख म्हणजे बुडालो नाही.

रोखठोक राजा:
नाना, त्या संकलनात चौकटीवर मोजलेलेच आकडे घेतलेत, तेव्हा ती पळवाट बंद. आणि डेन्मार्कच्या १९९८ च्या अभ्यासात ४ कोटींच्या खाली गेलं की दिवस राहण्याची शक्यता घटत जाते. सरासरी ४ कोटी ९० लाख म्हणजे कितीजण खाली असतील, करा हिशोब.

सौ. तिरकस:
हिशोबच करायचा तर हा करा. मूल होईना म्हणून माझी सोनोग्राफी, नळ्यांचा एक्स-रे, मग पोटाला भोकं पाडून दुर्बीण. सासूबाईंचे उपास वेगळे. ह्यांची एक साधी तपासणी? ती सगळ्यात शेवटी, तीही नंदेच्या यजमानांनी दरडावल्यावर. निघालं काय, तर वृषणाच्या शिरा फुगलेल्या. शंभरात पंधरा पुरुषांना असतं म्हणे ते. त्या मोठ्या दवाखान्यात कुणालाही आधी सुचलं नाही!

रोखठोक राजा:
ताई, सहानुभूती आहे. पण पुरुषांच्या आरोग्याचा धागा निघाला की लगेच बायकांचं गाऱ्हाणं का?

सौ. तिरकस:
कारण पुरुषांच्या आरोग्याची किंमत माझ्या पोटावर टाके घालून चुकती झाली, म्हणून. मूल न होणाऱ्या निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. वांझ म्हणून हळदीकुंकवातून वगळलेल्या सगळ्या बायकाच होत्या ना? की तिथेही मोबाइल आडवा आला?

लॅबवाला नाना:
ताईंचं खरंय. पुरुष येतात ते खोटं नाव सांगून. ‘रिपोर्ट मिसेसच्या हातात देऊ नका’ हे पैसे देण्याआधी बजावतात.

पंतोजी पेठेतले:
मंडळी, मेंदूवर कुणी बोलेल का?

आबा वऱ्हाडी:
मेंदू राहू द्या बाप्पा. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं कीटकनाशक बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार एकमेकांत बोलू लागले, की आपल्याला पोरंच का होत नाहीत. तपासलं तर कित्येकांत शुक्राणूच नाहीत! आमच्या यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीनं माणसं मेली, तवा कुठं मास्कची आठवण आली. जे जगले त्यांचे शुक्राणू मोजले का कोणी? पडदा बघून नाही, पंप पाठीवर घेऊन आटते माणूस.

रोखठोक राजा:
एका कारखान्यावरून सगळं जग? हेच मी केलं असतं तर पंतोजींनी मासा फेकून मारला असता.

आबा वऱ्हाडी:
फेका. पण आधी एक दिवस बिनमास्कचा पंप मारून या, भाऊ.

पंतोजी पेठेतले:
राजा, कारण एकच आहे असं आबा म्हणालेच नाहीत. चूर्णवाला म्हणाला.

रोखठोक राजा:
बरं, मेंदूचा मुद्दा तुमचा, घ्या, मिरवा. ५१.६ टक्के मात्र माझे.

सौ. तिरकस:
तुमचे स्वतःचे किती? तपासलंत?

रोखठोक राजा:
हा वैयक्तिक प्रश्न झाला.

सौ. तिरकस:
माझी दुर्बीण काय सार्वजनिक होती?

लॅबवाला नाना:
राजाभाऊ, उपाशीपोटी यावं लागत नाही. दोन ते सात दिवसांचं ब्रह्मचर्य तेवढं पाळा, आणि डबी आमच्याकडूनच घ्या.