आईसाठी सीटी अँजिओ की स्ट्रेस थॅलियम? मदत हवी आहे

नमस्कार. आई ६१ वर्षांची. गेले काही महिने जिना चढताना तिच्या छातीवर दाब येतो, थांबली की दोन-तीन मिनिटांत जातो. बसल्या जागी कधीच नाही. मधुमेह आहे, दमा आहे (इन्हेलर रोजचा), क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) १.३. टूडी एको ठीक. ईसीजीत मात्र लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, हृदयातल्या विजेच्या वाटेतला अडथळा) निघालाय, म्हणून टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढलेला ईसीजी) बाद. पट्टी मुळातच बदललेली, तर चालवून काढलेल्या पट्टीवरून काय कळणार!

आता एक हृदयरोगतज्ज्ञ सीटी अँजिओ म्हणतात, दुसरे स्ट्रेस थॅलियम. (थॅलियम नावापुरतंच, स्कॅनसाठीचा किरणोत्सारी पदार्थ म्हणून हल्ली बहुतेक टेक्नेशियम टोचतात म्हणे.) मला समजलंय ते असं: सीटीत रक्तवाहिन्या दिसतात, अडथळा कुठे आणि किती ते कळतं. थॅलियम स्कॅनमध्ये हृदयाच्या स्नायूला ताणाच्या वेळी रक्त कमी पडतं का ते कळतं.

वाचलंही बरंच. २०१५ च्या 'प्रॉमिस' अभ्यासात दहा हजार रुग्ण होते, साधारण दोन वर्षांनी सीटी आणि ताणाच्या तपासण्या या दोन्ही वाटांच्या निकालात फरक दिसला नाही. 'स्कॉट-हार्ट'मध्ये नेहमीच्या तपासण्यांना सीटीची जोड दिली, तेव्हा पाच वर्षांत हार्ट अटॅक किंवा त्या आजाराने मृत्यू ३.९ ऐवजी २.३ टक्के झाले. पण आमची आई त्या सरासरीत बसते कुठे? सीटीआधी ठोके कमी करायला बीटा ब्लॉकर देतात, तो दम्यात चालेल? स्कॅनला अ‍ॅडेनोसिन (रक्तवाहिन्या फुलवणारं औषध) देतात, त्याचंही तेच. शिवाय सीटीच्या डायचा किडनीवर परिणाम? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १
याच विभागात काम करतो, पण आईंना तपासलेलं नाही हे धरून वाचा. तुमच्या केसमध्ये खरा तिढा ईसीजीतला ब्लॉक आणि दमा एकत्र असण्याचा आहे. या ब्लॉकमध्ये चालवून किंवा डोब्युटामिन (ठोके वाढवणारं औषध) देऊन स्कॅन केला, तर दोन कप्प्यांमधल्या पडद्याला रक्त कमी पडतंय असं खोटंच दिसू शकतं. म्हणून अ‍ॅडेनोसिनसारखं औषध बरं, पण छातीत घरघर असेल तर ते टाळतात. स्ट्रेस एमआरआयलाही बहुधा हेच औषध लागतं, म्हणजे तिकडे पळूनही सुटका नाही.

त्यामुळे माझा कल सीटीकडे. ठोक्यांसाठी बीटा ब्लॉकरऐवजी इव्हाब्रॅडिन किंवा डिल्टियाझेम देता येतं. नुसतं क्रिएटिनिन बघू नका, ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) काढून घ्या. या वयाच्या बाईत १.३ म्हणजे साधारण ४५ ते ५०. ३० च्या खाली असता तर जास्त विचार करावा लागला असता. मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असतील तर आधी सांगा. एक मात्र विचारून ठेवा: वाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम खूप निघालं तर? मग सीटीत वाहिनीचा आतला भाग नीट वाचता येत नाही.

प्रतिसाद २
दुखणं बसल्या जागी यायला लागलं किंवा थांबूनही जाईना, तर स्कॅनच्या तारखेची वाट पाहू नका. सरळ इमर्जन्सीत न्या.

धागाकर्ता
धन्यवाद दोघांनाही. ईजीएफआर उद्याच काढतो. आणि कॅल्शियम जास्त निघालं तर सरळ कॅथेटरची अँजिओग्राफी की मधे पेट स्कॅनसारखी (हाही स्नायूचा रक्तपुरवठा बघतो) एखादी तपासणी, हे डॉक्टरांना आधीच विचारून घेतो.