अवज्ञा, कायदेभंग, बंड : कुठे कोणता शब्द?

प्रश्न : एका बातमीत 'सविनय अवज्ञा आंदोलन' असे वाचले. मराठीत हे चालेल का? आणि अवज्ञा, अवमान, कायदेभंग, बंड यांत फरक नेमका कुठे पडतो?

उत्तर : 'सविनय अवज्ञा' ही हिंदीतली जोडी. मराठीत 'सविनय कायदेभंग' रुळला आहे, तोच ठेवावा. मराठीत अवज्ञा होते ती माणसाची किंवा त्याच्या हुकमाची : वडिलांची, गुरूंची. त्यात मान न राखल्याचा भाव आहे, त्यामुळे 'सविनय' त्याच्याजवळ नांदत नाही. कायदा मात्र विनय राखून मोडता येतो. गांधींनी 6 एप्रिल 1930 रोजी दांडीला मीठ उचलले, पण 2 मार्चलाच व्हाइसरॉयला पत्र लिहून तसे कळवले होते. चोरून केलेल्या कृत्याला कायदेभंग म्हणत नाहीत, तो नुसता गुन्हा.

लिहिताना 'अवाज्ञा' असे होऊ देऊ नका. शब्द अव + ज्ञा असा आहे, त्यात 'आज्ञा' नाही. न्यायालयाचा आदेश मुद्दाम पाळला नाही तर मात्र 'अवमान' हाच शब्द, कारण कायद्याच्या परिभाषेत आदेश न पाळणेही अवमानातच मोडते.

दुसरे उत्तर : वरच्यात एक भर. महाडच्या चवदार तळ्याला काही जण कायदेभंग म्हणतात, ते चूक आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्येच केला होता आणि महाड नगरपालिकेनेही तळे खुले केले होते. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक तिथे पाणी प्याले तेव्हा मोडली ती रूढी; कायदा त्यांच्याच बाजूने होता. डिसेंबरात न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आला, तेव्हा पुन्हा तळ्यावर जाण्याचा बेत तहकूब केला गेला. म्हणून इथे 'सत्याग्रह' किंवा 'रूढीभंग' लिहावे. सत्ता कोणाची मोडली, सरकारची की समाजाची, हे ठरवल्याशिवाय शब्द निवडूच नये. त्याच वर्षी 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तिथे 'ग्रंथाचे प्रामाण्य झुगारले' हे अगदी नेमके बसते.

प्रश्न : मग झुगारणे, धुडकावणे, न जुमानणे हे एकच ना?

उत्तर : नाही. झुगारायला अंगावर आधीच काही असावे लागते : जोखड, बंधन, गुलामी. धुडकावतात ती समोर आलेली गोष्ट : मागणी, प्रस्ताव, आदेश. 'गुलामी धुडकावली' म्हणूनच पोकळ वाटते.

'जुमानणे' नकारातच जगते. 'तो कोणाला जुमानत नाही' किंवा 'तो कोणाला जुमानतो?' म्हणतात, 'तो साहेबांना जुमानतो' असे सरळ विधान कोणी करत नाही. 'धमक्यांना भीक घातली नाही' याचेही तसेच. 'दाद' मात्र जपून वापरा. 'गाण्याला दाद दिली' ही वाहवा, 'कोर्टात दाद मागितली' हे गाऱ्हाणे, आणि 'पोलिसांना दाद दिली नाही' म्हणजे त्यांच्यापुढे नमला नाही. तिन्ही अर्थ फक्त क्रियापदाने आणि नकाराने बदलतात.

'धाब्यावर बसवणे' यात बोलणाऱ्याची नापसंती असते. नियम धाब्यावर बसवून बांधकाम होते. सत्याग्रहीने कायदा धाब्यावर बसवला असे लिहिलेत तर तुम्ही सरकारच्या बाजूने बोलता.

आणखी एक उत्तर : बंडाचे राहिले. बंड करायला आधी त्या सत्तेखाली असावे लागते. पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध त्याच पक्षातला उभा राहिला तर बंडखोरी. विरोधी पक्षाचा उभा राहिला तर ती साधी लढत. एकटा माणूस बंड करू शकतो, उठावाला मात्र अनेक लागतात. 1857 ला 'शिपायांचे बंड' म्हणणाऱ्याने कंपनीची सत्ता रास्त धरलेली असते, 'उठाव' म्हणणारा तो निवाडा करत नाही, 'स्वातंत्र्यसमर' म्हणणारा उलट बाजूचा करतो. बंड पुकारतात, उभारतात, मोडतात, शमवतात. 'बंड संपवले' व्याकरणात बसते, पण कानाला खटकते.