मदत हवी आहे: लोडिंगच्या सरावात मॅगझिन पडून खराब होतात, खाली काय अंथरू?

फोंड्याची नेमबाज

नमस्कार मंडळी. २५ मीटर पिस्तूल खेळते, पॉइंट टू टू बोअर. पिस्तूल माझ्याच परवान्यावर आहे. चवथ झाली की स्पर्धा आहे आणि या पावसात रेंजवर जाणं होईल तेव्हा होईल, म्हणून घरीच कोरडा सराव (खऱ्या गोळीशिवाय) चालवलाय. नेमाबद्दल, ट्रिगरबद्दल काही विचारायचं नाही. अडलंय ते मॅगझिनपाशी, म्हणजे पिस्तुलात बसवायच्या गोळ्यांच्या डबीपाशी.

टेबलावर पाच-पाच डमी राउंड भरलेली मॅगझिनं मांडते. मोबाईलवर 'लोड' ऐकू आलं की एक उचलायचं, बसवायचं, बोल्ट सोडायचा, काढून बाजूला ठेवायचं, मग पुढचं. नियमाने लोड करायला एक मिनिट मिळतं, पण मी वीस सेकंदांचा गजर लावते. स्पर्धेत हात थरथरला तरी वेळ उरला पाहिजे. आता आपल्याकडची हवा तुम्हाला माहीत आहे. पंखा फुल असला तरी बोटं ओलीच. मॅगझिन सटकतं आणि टण्णकन लादीवर.

एका मॅगझिनचा डावा फीड लिप (तोंडाशी गोळी धरून ठेवणारी पत्र्याची कड) पुढच्या टोकाला आत दबलाय. डोळ्यांना दिसत नाही, नख फिरवलं की लागतं. रेंजवर त्यातली गोळी नाक खाली घालून चेंबरच्या कडेवर आपटते, शिशाची कपची निघते आणि पिस्तूल अडकतं. बाकीची मॅगझिनं अजून ठीक आहेत, पण किती दिवस?

माल परदेशी, किमतीबद्दल बोलायलाच नको. शिवाय कायद्याने मॅगझिन शस्त्राचाच भाग, त्यामुळे ऑनलाइन मागवलं आणि कुरियरने आलं असं होत नाही.

काथ्याचं पायपुसणं टाकून बघितलं. त्याच्या तुसा आत जाऊन फॉलोअर (गोळ्या वर ढकलणारी पट्टी) अडायला लागला. योगा मॅट इतकी पातळ की खालची लादी लागतेच. चादरीची घडी केली तर पायाखालून सरकते. खाली काय अंथरू? आणि तो लिप पकडीने सरळ करता येईल का? शेजारचे गॅरेजवाले 'दोन मिनिटांचं काम' म्हणतात, मला धीर होत नाही.

जुना फौजी

ताई, आधी गॅरेजवाल्यांना हात जोडून नको सांगा. तो पत्रा टणक केलेला असतो. पकडीने एका जागी वाकवला की दुसऱ्या जागी वाकतो, आणि पुन्हा पुन्हा वाकवला तर तडा जातो.

दुसरं, तुमच्या खेळात मॅगझिन खाली सोडून देण्याची गरजच नाही. ती पद्धत पळत पळत गोळ्या मारणाऱ्यांची. तुम्ही हाताने काढून टेबलावर ठेवता ना? मग हात टेबलाच्या बाहेर का जातात? दोन्ही कोपरं आत, पिस्तुलाचं तोंड लक्ष्याकडे, आणि मॅगझिन बसवायचं ते टेबलाच्या वरच. मग सटकलं तरी वीतभरच पडेल. टेबलावर जाड टर्किश टॉवेल टाका आणि त्याची तुमच्याकडची कड गुंडाळी करून उंच करा, म्हणजे घरंगळून खाली जाणार नाही. जमिनीवर काय अंथरायचं हा पुढचा प्रश्न.

वीस सेकंदही आत्ता विसरा. आधी सावकाश, न बघता, एकदाही न चुकता. वेग आपोआप येतो.

डिचोलीकर

फौजींशी सहमत, तरी जमिनीवरही काहीतरी हवंच. लहान मुलांच्या खोलीत एकमेकांत अडकवून घालतात ते फोमचे चौकोन घ्या, बोटभर जाडीचे. सरकत नाहीत, तुसा नाहीत, ओल्या फडक्याने पुसता येतात. फक्त टेबलासमोरच नको, मॅगझिन उचलता त्या बाजूलाही घाला. पिस्तुलातून निसटलेलं मॅगझिन बहुतेक बुडावर पडतं. हातातून सटकलेलं गिरक्या घेत लिपवर पडतं, आणि नुकसान त्याचंच.

सरावाची मॅगझिनं वेगळी ठेवा, स्पर्धेची वेगळी. हे सगळेच सांगतात, पण त्याला इलाज नाही.

फोंड्याची नेमबाज

@जुना फौजी, कोपरं आत घेऊन बघितलं. खरंच, सगळी पडझड टेबलावरच व्हायला लागली. गजर तूर्त बंद केलाय.

@डिचोलीकर, वेगळी ठेवायला आहेत कुठे हो तेवढी!

डिचोलीकर

मग जे बिघडलंय तेच सरावाचं करा. बसवण्या-काढण्याला लिपचं काही अडत नाही. त्याच्या बुडाला लाल नेलपेंट लावा आणि ते स्पर्धेच्या पेटीत कधीच टाकू नका. उरलेल्यांवर १, २, ३ घाला. रेंजवर अडकलं की कुठल्या नंबरचं ते वहीत लिहा. नाहीतर आपण पिस्तुलाला शिव्या घालत बसतो.

मडगावची आजी

(आजी फक्त आयडीत.) दोन गोष्टी राहिल्या. सरावाच्या खोलीत खरी गोळी एकही नको, डब्यासकट दुसऱ्या खोलीत. भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात त्या पिवळ्या प्लास्टिक गिट्ट्या डमी म्हणून वापरत असाल तर ट्रिगरच्या सरावाला चालतात. मॅगझिनमधून भरायला नकोत, त्यांची कड खऱ्या राउंडच्या रिमसारखी नसते.

आणि पावसात मॅगझिनं चामड्याच्या पाऊचमध्ये ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि पत्र्याला गंज चढतो. घामाचा हात लागला की कोरड्या फडक्याने पुसायचं, बाहेरून तेलाचा नुसता हात फिरवायचा, आत तेल ओतायचं नाही. पॉइंट टू टूच्या गोळीवर मेण असतं, तेलात मिसळून त्याचा चिकटा होतो आणि फॉलोअर जड चालतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

फोंड्याची नेमबाज

पाऊच चामड्याचाच होता, काढून टाकला. खरे राउंड कपाटात कुलपात असतात, काळजी नसावी.

व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) आणून सगळ्या मॅगझिनच्या दोन लिपमधलं अंतर मोजलं. मागे सगळी सारखी, पुढे लाल नेलपेंटवालं बाकीच्यांपेक्षा ०.३ मिलीमीटरने अरुंद. एवढ्याने खरंच अडकतं?

जुना फौजी

अडकतं. चांगल्यांची मापं वहीत लिहून ठेवा, पुढचं मॅगझिन पडलं की ताडून बघा. लिप सरळ करायचाच असेल तर आर्मररकडेच (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. स्पर्धेला जाल तिथे कोणीतरी भेटतोच. परवाना सोबत असू द्या.

डिचोलीकर

माझ्या माहितीतले एक आहेत, नाव-नंबर इथे टाकत नाही. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.